चूक आणि निर्णय एकाच रकान्यात

समकालीन पियानोवादनाच्या स्पर्धांच्या आणि परीक्षांच्या परीक्षकांस,

स. न. वि. वि.

पत्र लांबेल, हे आधीच सांगते. एका बैठकीत डझनभर वादक ऐकणाऱ्या माणसांकडे सहनशक्ती असणारच, त्या भरवशावर लिहायला बसले आहे.

माझ्यासमोर एक कागद आहे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत मी संगीतकार यानिस झेनाकिसची पियानोरचना 'एव्र्याली' वाजवली, त्यावरच्या शेऱ्यांचा. स्पर्धेचे नाव सांगत नाही, कारण असाच कागद मला आणखी दोन ठिकाणी मिळाला आहे आणि माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक वादकाच्या खणात तो सापडेल. कागदावर चार रकाने आहेत : अचूकता, लय, शैलीचे भान, एकूण परिणाम. अचूकतेच्या रकान्यात तीन नोंदी. एका जागी लय छापील आकड्याच्या खाली उतरली. एका जागी मधल्या ओळींतले काही सूर गळले. एका जागी स्तब्धता लिहिली आहे त्याहून लांबली. तिन्हींपुढे सारखेच वजा गुण.

नोंदी खऱ्या आहेत. ज्यांनी केल्या त्यांचे कान तिखट आहेत आणि त्यांची नजर स्कोअरवरून, म्हणजे रचनेच्या छापील पानावरून, क्षणभरही हलली नव्हती, हे मी मान्य करते. फक्त त्या तिनांपैकी दोन गोष्टी मी कित्येक आठवडे डोके खाजवून ठरवल्या होत्या, आणि एक निव्वळ चूक होती. भांबावले, दुसरे काय. गुण गेले त्याचे दुःख केव्हाच संपले. तक्रार एवढीच उरली आहे की तुमच्या कागदावर ती तिन्ही भावंडे एकसारखी दिसतात.

'एव्र्याली' १९७३ची. झेनाकिस आलेखाच्या कागदावर फांद्याफांद्यांच्या रेषा काढत असे आणि मग त्यांचे सूर करत असे. त्या रेषा हात किती मोठा असतो, बोटे किती असतात याची फारशी चौकशी करत नाहीत. एकाच वेळी चार-पाच फांद्या निघतात, एक वर पळते, दोन आडव्या, एक खर्जात कोसळते. यात गंमत अशी की पियानोला ८८ पट्ट्या असतात, सगळ्यांत वरची 'सी', आणि झेनाकिसने तिच्याही वरचा 'सी शार्प' लिहिला आहे. हा सूर वाद्यात नाहीच. बोझेनडॉर्फरच्या इम्पीरियल पियानोला ९७ पट्ट्या असतात, पण जादा नऊच्या नऊ खर्जाच्या बाजूला, त्यामुळे तिथेही सुटका नाही. मला ही छपाईची चूक वाटत नाही. रेषा वर निघाली होती, पियानो संपला म्हणून ती थांबली नाही, इतकेच. मी त्या जागी हात त्याच झोकात पुढे नेते आणि पट्ट्या संपतात तिथल्या लाकडावर बोट टेकवते. आवाज जवळपास येत नाही, पण रेषा पुरी होते. दुसरा कोणी वरचा 'सी' वाजवून थांबेल, तिसरा तो सूर सोडून देईल. आता मला सांगा, अचूकतेच्या रकान्यात या सुराचे गुण कोणाला आणि किती?

याच्या चार वर्षे आधी, १९६९मध्ये, झेनाकिसने पियानो आणि वाद्यवृंदासाठी 'सिनाफाई' लिहिली. तिच्यात पियानोचा भाग काही ठिकाणी दहा ओळींवर पसरला आहे, बोटागणिक एक ओळ. सूचना अशी की वादकाने सगळ्या ओळी वाजवाव्यात, जमल्यास. हा 'जमल्यास' माझा फार लाडका शब्द आहे. सगळे लिहून झाल्यावर संगीतकाराने दार किलकिले ठेवले आहे, आणि आत शिरणाऱ्याने काय हातात घ्यायचे, काय उंबऱ्यापाशी ठेवायचे, ते त्याचे त्याने पाहायचे आहे. ठेवावे तर लागणारच.

जॉन केजने हे आणखी उघड सांगितले. १९५१ची 'म्युझिक ऑफ चेंजेस' नाणी उडवून, 'ई चिंग' या चिनी ग्रंथाच्या कौलाने रचलेली. सूर, अवधी, जोर, लय, सगळे कौलावर. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर ती स्टॉपवॉच घेऊन बसवत असे. अशा रचनेत वादकाला मोकळीक असण्याचे कारणच नाही असे वाटते ना? पण प्रस्तावनेत केज म्हणतो की बऱ्याच ठिकाणी हे लेखन तर्काला धरून नाही असे आढळेल, तिथे वादकाने आपली विवेकबुद्धी वापरावी. पुढे १९५८मध्ये त्यानेच या रचनेतल्या वादकाला आराखड्याबरहुकूम इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराची उपमा दिली, आणि ती काही कौतुकाने दिली नव्हती. पण या कंत्राटदाराला आधीच बजावलेले होते की आराखड्यात काही भिंती एकमेकींतून आरपार जातात, तिथे तुझे तू बघ.

तुम्ही म्हणाल, ही सगळी टोकाची उदाहरणे. बरे. मग अशी रचना घेऊ जिच्यात लिहिलेले सगळे दोन हातांना वाजवता येते.

कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनची नववी 'क्लाव्हियरश्ट्यूक' (पियानोरचना). सुरुवातीलाच चार सुरांचा एक कॉर्ड, म्हणजे चारही सूर एकदम, १३९ वेळा. तोच कॉर्ड, तीच गती, फक्त मोठ्या आवाजापासून उतरत उतरत नाहीसा होणारा. मग तोच पुन्हा ८७ वेळा. वादकाने ठरवायचे असे यात काय राहिले? कागदावर पाहाल तर काहीच नाही. कोणी याला यंत्राचे काम म्हणेल, आणि मीही पहिल्यांदा हसलेच होते.

पण पियानोच्या पोटात डोकावा. पट्टी दाबली की हातोडी तारेकडे फेकली जाते आणि शेवटचे थोडे अंतर ती एकटीने काटते. तेव्हा वादकाच्या हाती काही नसते. जे काही करायचे ते त्याच्या आधी, पट्टी किती वेगाने खाली न्यायची एवढ्यातच करायचे. इथे चार बोटांनी चार हातोड्या एकाच वेगाने पाठवायच्या आणि दर वेळी मघापेक्षा किंचित कमी वेगाने. आवाज तळाशी आला की एखादी हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. चार सुरांचा कॉर्ड तीन सुरांचा होतो, पुढच्या खेपेला पुन्हा चारांचा, पण आता वेगळाच सूर डोके वर काढतो. जो कॉर्ड आपण शंभर वेळा ऐकला, तो आतून हलायला लागतो. हे व्हावे म्हणून वाजवायचे, की होऊ नये म्हणून? वरचा सूर आधी विझू द्यायचा, की खालचा? मी वरचा शेवटपर्यंत धरून ठेवते, कारण तो गेला की कान तिथून उठून जातो असा माझा अनुभव आहे. माझी एक मैत्रीण नेमके उलटे करते आणि तिचेही ऐकत राहावेसे वाटते.

त्यात आणखी एक. सेबास्तियाँ एरारच्या दुहेरी एस्केपमेंटचे, म्हणजे हातोडीच्या नव्या यंत्रणेचे, १८२१मध्ये पेटंट निघाले, तेव्हापासून पट्टी पुरती वर येण्याआधी तोच सूर पुन्हा वाजवता येतो. म्हणजे या १३९ आघातांमध्ये पट्टी किती वर येऊ द्यायची हेही माझ्या हातात. अर्धवट ठेवली तर सूर थांबवणारा डॅम्पर तारेवर नीट बसत नाही आणि कॉर्ड एकमेकांत मिसळतात. पूर्ण सोडली तर प्रत्येक आघात सुटा, कोरडा. स्कोअरमध्ये पाहिले तर दोन्ही वादने हुबेहूब तेच, आणि ऐकायला दोन वेगळ्या रचना. ही रचना मी दोन निराळ्या पियानोंवर सभागृहात वाजवली आहे. एकाची यंत्रणा इतकी हलकी होती की शेवटचे वीस-पंचवीस कॉर्ड मला जवळजवळ कुजबुजत नेता आले. दुसऱ्यावर तेच करायला गेले असते तर निम्मे मुकेच गेले असते. तिथे मी उतार आधी तीव्र केला आणि नंतर सपाट. चुकले का? स्कोअर काही बोलत नाही.

डॅम्परचाच विषय निघाला आहे तर : पियानोच्या वरच्या साधारण दीड सप्तकाला डॅम्परच नसतात. तारा इतक्या आखूड की सूर आपणहून विरतो. तरी आजच्या स्कोअरमध्ये त्या पट्ट्यांतही बत्तिसांश आणि चौसष्टांश मात्रांचे अवधी काटेकोर लिहिलेले आढळतात, शेजारी विरामाची खूण. बोट उचलले तरी सूर वाजतच राहणार. मग तो अवधी कोणासाठी लिहिला आहे? माझ्या मते हातासाठी. लगेच निघून जाणारे बोट आणि रेंगाळणारे बोट यांचा आघातच निराळा असतो. हे माझे मत आहे, सिद्धान्त नव्हे. पण मुद्दा असा की अवधीची खूण इथे आवाजाच्या लांबीविषयी बोलत नसून हाताच्या वागण्याविषयी बोलते, आणि हे ठरवायचे काम वाचणाऱ्याचे.

ऑलिव्हिए मेसियाँने १९४९मध्ये अवधी आणि तीव्रता यांच्या मोडवरची रचना लिहिली, तिच्यात ३६ सूर, २४ अवधी, १२ तऱ्हेचे आघात आणि ७ तीव्रता, प्रत्येक सुराला त्याचे नेमून दिलेले. बारा तऱ्हांचे आघात ऐकून ओळखून दाखवेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही, तुमच्यात कोणी असेल तर मला भेटायला आवडेल.

आता ग्यॉर्ग लिगेतीच्या एट्यूड्सबद्दल, म्हणजे वादनाचा कस पाहणाऱ्या छोट्या रचनांबद्दल. १९८५ ते २००१ या काळात तीन पुस्तकांत मिळून अठरा. आजकाल स्पर्धांत सगळ्यांत जास्त याच ऐकू येतात आणि सगळ्यांत जास्त अन्यायही यांच्यावरच होतो. पहिली, 'देझॉर्द्र', उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्या. दोघे बरोबर निघतात आणि मग उजव्याचे आघात एकेका मात्रेने आखडत जातात, हात एकमेकांपासून दुरावतात. हिच्यात लय ढळली तर मजाच गेली, कारण दुरावा ऐकू यायला जमीन स्थिर लागते. इथे तुम्ही मेट्रोनोम, म्हणजे लय मोजायचे यंत्र, बाहेर काढलेत तर मी तक्रार करणार नाही.

पण त्याच पुस्तकातली पाचवी, 'आर्क-आँ-सिएल'. संगीतकाराने वर लिहिले आहे की डौलाने, 'स्विंग'सह वाजवावी, आणि खाली टीप दिली आहे की मेट्रोनोमचा आकडा हा सरासरी आहे, हालचाल त्याच्या आसपास जॅझसारखी मोकळी झुलावी. माझ्या एका विद्यार्थिनीला याच एट्यूडसाठी शेरा मिळाला : 'लय अस्थिर.' ती मला विचारायला आली की आता काय करू, सरळ वाजवू का? मी काय उत्तर द्यायचे होते? जी गोष्ट छापून आली आहे तीही तुम्ही वजा गुणांत धरलीत. बहुधा 'लिगेती म्हणजे यंत्र' अशी गाठ मनात पक्की बसली होती आणि पानावरची टीप वाचायची राहून गेली. स्कोअर पुढ्यात उघडून बसणाऱ्यांच्या हातून हे झाले, याचे मला अजून नवल वाटते.

तिसऱ्या एट्यूडची गंमत वेगळी. एक हात काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरतो, दुसरा हात त्यांच्यावरून धावतो. दाबलेल्या पट्ट्यांवर बोट पडले की सूर येत नाही, फक्त खट्. त्यामुळे सरळ वेगाने धावणारी बोटे अडखळत असल्यासारखी ऐकू येतात. म्हणजे ऐकू येणारी लय आणि हाताची लय दोन निराळ्या, आणि न वाजलेले सूरही छापलेले. पट्टीचा तो कोरडा खटका ऐकू द्यायचा की दडवायचा? पहिल्या रांगेत बसणाऱ्याला तो ऐकू येणारच. मी ऐकू देते. तेरावी, सैतानाच्या जिन्याची, शेवटाकडे आठ 'एफ'पर्यंत चढते ('एफ' ही मोठ्या आवाजाची खूण, जितके जास्त तितका मोठा). पियानोत आठ 'एफ'इतका आवाज नसतो. दोन-तीन एफनंतर तारा ओरडायला लागतात, मग पुढचे पाच कुठून आणायचे? काही वादक पेडलमधून आणतात, काही आधीचे सगळे दाबून वाजवतात म्हणजे शेवटाला जागा उरते. मी दुसऱ्या पंथातली. त्यासाठी मधल्या पानांवर छापल्यापेक्षा हळू आवाजात वाजवावे लागते, आणि ते तुमच्या वहीत उतरणार हे मला ठाऊक असते.

तुमची बाजूही मला दिसते. स्वातंत्र्याच्या नावाखाली काय काय खपवले जाते हे मी तुमच्याइतकेच ऐकले आहे, आणि तरुणपणी केलेलेही आहे. अवघड पान आले की पेडल दाबून धरायचा, धुके झाले की कोणता सूर होता हे कोण विचारतो. ज्या संगीताची श्रोत्यांना सवय नाही त्यात खोटे खपवणे सोपे, हे कटू असले तरी खरे आहे. संगीतकार कैखुश्रू शापूरजी सोराबजीचे उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. 'ओपस क्लाविचेम्बालिस्टिकम' ही १९३०मध्ये पुरी झालेली, चार तासांहून लांब चालणारी रचना. तिचा काही भाग १९३६मध्ये लंडनला दुसऱ्या एका वादकाने वाजवला, तो सोराबजीच्या पसंतीस उतरला नाही. पुढे आपल्या संमतीशिवाय आपले संगीत कोणी वाजवू नये अशी त्याने भूमिका घेतली आणि ती १९७६पर्यंत सोडली नाही. कोणी वाईट वाजवण्यापेक्षा कोणी न वाजवलेले बरे, असे म्हणणाऱ्या माणसापुढे 'वादकाचे स्वातंत्र्य' हे शब्द उच्चारायला मलाही संकोच वाटेल.

संगीतकार स्त्राविन्स्कीनेही १९३९-४०च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत वादन आणि भाष्य यांत फरक केला आणि आपला कल पहिल्याकडे असल्याचे लपवले नाही. (त्याने स्वतः आपले 'वसंताचे अनुष्ठान' १९२९, १९४० आणि १९६०मध्ये ध्वनिमुद्रित केले, आणि तिन्ही एका गतीची नाहीत. असो.)

तेव्हा लबाडी आणि निर्णय यांत फरक करावा लागतो, आणि माझे म्हणणे असे की तो कानाने करता येतो, स्कोअरमध्ये बोट ठेवून करता येत नाही. निर्णय घेतलेला वादक तीच आकृती पुन्हा आली की तसेच वागतो, किंवा मुद्दाम वेगळे वागतो, पण त्याला ती आठवण असते. गडबडलेला वादक प्रत्येक वेळी नव्याने गडबडतो. सूर गाळून काही मिळवले असेल तर ते ऐकू येते : गच्च झाडीतून एक आवाज स्पष्ट बाहेर येतो. नुसतेच सूर गळले असतील तर झाडी थोडी विरळ होते, बाहेर कोणीच येत नाही. लय उतरवली ती कशासाठी, हे पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत कळतेच. हे ऐकायला डोळे पानावरून उचलावे लागतात.

ब्रायन फर्निहोच्या १९८१च्या 'लेमा-आयकॉन-एपिग्राम'चे पान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. एकात एक अडकलेल्या विषम मात्रा, प्रत्येक सुरावर दोन-दोन खुणा, दर मापाला नवी लय. लोक त्याला क्रूर म्हणतात. मला ते उलट वाटते. इतके लिहिलेले असले की वादकाला प्राधान्यक्रम लावावाच लागतो, आणि त्या झगड्यातून जे बाहेर येते तेच संगीत अशी त्याची धारणा आहे. हे पान तपासनिसासारखे वाचले तर जगातले एकूण एक वादन नापास. असे होत असेल तर दोष मोजपट्टीत असण्याची शक्यता अधिक.

आणि जिथे मोकळीक छापूनच दिली आहे तिथे काय होते? श्टॉकहाउझेनच्या १९५६च्या अकराव्या 'क्लाव्हियरश्ट्यूक'मध्ये एका मोठ्या कागदावर १९ तुकडे आहेत. नजर पडेल त्या तुकड्यापासून सुरुवात करायची, प्रत्येकाच्या शेवटी पुढच्याची लय, तीव्रता आणि आघात दिलेला, एखादा तुकडा तिसऱ्यांदा आला की रचना संपली. स्पर्धेत ही वाजवणारे बहुतेक जण घरून क्रम पाठ करून येतात. मीही तेच केले होते. नजर 'पडते' असा अभिनय करायचा, एवढेच. फ्रेडरिक झेफ्स्कीच्या १९७५च्या ३६ व्हेरिएशन्समध्ये शेवटाकडे ऐच्छिक, उत्स्फूर्त कडेन्झाची, म्हणजे वादकाने स्वतःचे काही वाजवण्याची, जागा आहे. तिथेही लिहून, घोकून आणलेले कडेन्झा ऐकू येतात, नाहीतर जागा सरळ सोडून दिलेली. याबद्दल कोणाचे गुण गेल्याचे मी ऐकले नाही. दिलेले स्वातंत्र्य न वापरणाऱ्याला शिक्षा नाही आणि न दिलेले वापरणाऱ्याला आहे, मग शहाणा उमेदवार काय करेल ते सांगायला नको.

तुमच्या कानांत आधीच वाजत असलेले ध्वनिमुद्रण, हीही एक अडचण आहे. पियानोवादक पिएर-लोराँ एमारने वाजवलेले लिगेती माझ्याही कानांत आहे. तो संगीतकाराच्या जवळचा, त्याचे वादन अफाट, मी त्याच्यावरच शिकले. पण एखादे वादन कितीही थोर असले तरी ती रचना नव्हे. एलियट कार्टरची १९८०ची 'नाइट फँटसीज' एकट्यासाठी लिहिलेलीच नाही. पॉल जेकब्स, गिल्बर्ट कॅलिश, अर्सुला ऑपन्स आणि चार्ल्स रोझेन या चौघांनी मिळून ती मागून घेतली. तिच्या तळाशी २१६ विरुद्ध १७५ असे दोन ठोक्यांचे प्रमाण साधारण वीस मिनिटे चालते, दोन्ही ठोके आरंभाच्या आसपास एकदा भेटतात आणि मग थेट अखेरीस. इतकी कठोर गणिती पाठराखण असूनही जेकब्स, ऑपन्स आणि रोझेन यांची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐका. रोझेनकडे विचार पुढे, ऑपन्सकडे उष्णता, जेकब्सकडे एक प्रकारचा लखलखाट, निदान माझ्या कानाला. यातला 'बरोबर' कोणता हे विचारायचे झाले तर त्या चौघांनी रचना मागितली तेव्हाच विचारायला हवे होते.

मागणे फार नाही. पहिल्या फेरीत स्कोअर बंद ठेवून ऐका आणि तेव्हाच काहीतरी लिहा, भले दोन ओळी. मग उघडा. क्रम उलटा केला तर दुसरे ऐकणे उरतच नाही, डोळे कानांच्या पुढे धावतात. अचूकतेचा रकाना दोन भागांत फाडा, एक चुकांचा, एक निर्णयांचा, आणि एखादी गोष्ट कुठे टाकावी ते कळेना तर मधल्या रेघेवर लिहा. त्या रेघेवर किती गर्दी होते ते बघायला मला फार आवडेल. वादकाला पाच मिनिटे बोलू द्या. परीक्षेत मौखिक भाग असतोच, तिथे संगीतकाराचे जन्मवर्ष विचारण्याऐवजी 'या पानावर तुम्ही काय सोडलेत आणि का' हे विचारा. ज्याने विचार केला आहे तो तीस सेकंदांत सांगेल. ज्याने नाही, त्याचे मौन तुम्हाला गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगेल. आणि उमेदवाराची पेन्सिलीच्या खुणांची प्रत मागून घ्या. आमच्या प्रती कधी पाहिल्या आहेत का तुम्ही? तिथे खाडाखोड असते, बाण असतात, एका सुरावर तीन वेगवेगळी बोटे खोडलेली असतात, समासात 'इथे डावा हात ऐक' असे स्वतःलाच लिहिलेले असते. वादन मंचावर होते, पण त्याचा हिशेब तिथे त्या कागदावर असतो.

यातले काहीच केले नाहीत तरी निदान टिपा वाचा. 'आर्क-आँ-सिएल'ची तरी.

माझ्या त्या कागदाचे सांगायचे राहिले. लय उतरली, सूर गळले, स्तब्धता लांबली : या तिनांपैकी चूक कोणती होती हे मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. फेरीचे ध्वनिमुद्रण तुमच्या दप्तरात असेल. ऐका, आणि कळवा. माझ्या प्रतीवर उत्तर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

कळावे,

एक पियानोवादक